मोज्याचा वळ आणि लसिका: रोजच्या योगाभ्यासाची सविस्तर पद्धत

दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी मोजे काढले की घोट्याच्या वर इलॅस्टिकचा वळ उमटलेला असतो. कधी तो दहा मिनिटांत जातो, कधी झोपेपर्यंत तसाच राहतो. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून पाच सेकंद धरला आणि काढला, तर काही जणांच्या पायावर खळगा पडतो आणि हळूहळू भरून येतो. पेशींच्या मधल्या जागेत साचून राहिलेलं पाणी ते हेच. ते परत रक्तात नेऊन सोडण्याचं काम लसिकासंस्थेचं (लिम्फॅटिक सिस्टिमचं) आहे; तिच्या वाहिन्यांतून वाहणारा हा द्रव म्हणजे लसिका. त्या कामाला योगाभ्यासाने हातभार लावता येतो. मात्र आसनांच्या पुस्तकात दिसतो तो ताणून धरण्याचा सराव इथे फारसा कामाचा नाही. लसिकेला लागतो मंद, पुन्हा पुन्हा होणारा दाब आणि मोकळीक. खालची सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे.

आत काय चालतं

रक्त केशवाहिन्यांतून जाताना त्यातलं थोडं पाणी, प्रथिनं आणि क्षार बाहेर पाझरतात. त्यातला जो भाग थेट रक्तात परत जात नाही, तो लसिकावाहिन्या उचलतात आणि दिवसाला साधारण २ ते ४ लिटर द्रव रक्तात परत नेऊन सोडतात. वाटेत लसिकाग्रंथी लागतात. त्या शरीरभर शेकड्यांनी आहेत. मान, काख, जांघ आणि पोट या भागांत त्यांची दाटी असते. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना, ते याच ग्रंथीचं. जंतू पुढे जाऊ नयेत म्हणून ती तिथे झुंजत असते, म्हणून सुजते आणि दुखते.

या वाहिन्या फार उशिरापर्यंत कुणाच्या नजरेत भरल्या नाहीत, कारण त्या बारीक आणि आतला द्रव जवळजवळ बिनरंगी. १६२२ साली इटलीतले शल्यविशारद गास्पारे आसेल्ली यांनी नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं, तेव्हा त्यांना आतड्यांच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं. खाल्लेल्या अन्नातली चरबी लसिकेत उतरली होती, म्हणून ते पांढरं दिसलं, एरवी दिसलंही नसतं. पोटातली ही लसिका आणि दोन्ही पायांकडून येणारी लसिका एकत्र होऊन एका मोठ्या वाहिनीतून छातीत वर चढते. ही वक्षवाहिनी सुमारे ४० सेंटिमीटर लांब असते आणि डाव्या कॉलरबोनच्या मागे एका मोठ्या शिरेत रिकामी होते. डावा हात आणि डोक्या-मानेची डावी बाजूही तिथेच येऊन मिळते. उजवा हात, छातीचा उजवा भाग आणि डोक्याची उजवी बाजू उजवीकडच्या छोट्या वाहिनीतून जाते.

‘लसिकेला हृदयासारखा पंप नाही, म्हणून व्यायाम केला नाही तर ती साचते’ असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे अर्धवट खरं आहे. मोठ्या लसिकावाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात आणि त्या स्वतःच ठरावीक लयीत आकुंचन पावतात, तुम्ही झोपलेले असलात तरी. आत जागोजागी झडपा असतात, त्यामुळे पुढे सरकलेला द्रव मागे येत नाही. आपण त्यात दोन गोष्टींची भर घालू शकतो: शेजारच्या स्नायूंचं आकुंचन आणि खोल श्वास. श्वास घेताना श्वासपटल खाली सरकतं, पोटातला दाब वाढतो, छातीतला कमी होतो, आणि मधल्या वक्षवाहिनीतला द्रव वर ओढला जातो. श्वास सोडताना झडपा तो तिथेच धरून ठेवतात.

आधी हे तपासा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण वगळू नका. सूज हे लक्षण आहे आणि त्याची कारणं बरीच आहेत.

एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखते, हाताला गरम लागते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी आसन नाही, मालिश नाही, लगेच डॉक्टर. त्यासोबत छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर तातडीची सेवा. त्वचा लाल, गरम, दुखरी आणि अंगात ताप असेल तर जंतुसंसर्ग आहे. तो औषधाने आटोक्यात येईपर्यंत सराव बंद. दोन्ही पाय सुजतात, चढ चढताना दम लागतो, रात्री उशा उंच केल्याशिवाय झोप लागत नाही, अशी तक्रार असेल तर हृदय, मूत्रपिंड, यकृत यांची तपासणी आधी व्हायला हवी. हृदय कमजोर असताना पाय भिंतीवर उंच करून पडलं की पायांतलं रक्त एकदम हृदयाकडे येतं आणि त्रास वाढतो.

मान, काख, जांघ इथली गाठ दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, कडक आणि न दुखणारी असली, किंवा कॉलरबोनच्या वर असली, तर ती दाखवून घ्या. ती चोळत बसू नका. कर्करोगाच्या उपचारात लसिकाग्रंथी काढल्या असतील किंवा तिथे किरणोपचार झाले असतील तर खाली वेगळा मजकूर आहे, तो आधी वाचा.

आणि हो, मोज्याचा वळ म्हणजे लसिकेचा आजार नव्हे. बहुतेकांच्या बाबतीत तो फक्त दिवसभर पाय खाली सोडून बसल्याचा हिशेब असतो.

तयारी

जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्या. कपडे सैल हवेत, विशेषतः जांघेत आणि काखेत रुतणारं काही नको. अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा. एक चटई, एक घडी केलेली चादर आणि मोकळी भिंत एवढंच साहित्य. पूर्ण क्रमाला अर्धा तास लागतो. सकाळी की संध्याकाळी, याने फार फरक पडत नाही. उभ्याने किंवा बसून काम असणाऱ्यांना संध्याकाळी जास्त बरं वाटतं.

क्रम मात्र पाळा. आधी श्वास आणि मान-खांदे, मग हात, मग पाय. लसिकेचं सगळं पाणी शेवटी मानेच्या पायथ्याशी रिकामं होतं. हाताने लसिकानिचरा करणारे थेरपिस्टही याच कारणाने मानेपासून सुरुवात करतात: आधी पुढची वाट मोकळी करायची, मग मागचा द्रव हलवायचा.

पहिली पायरी: पोटाने श्वास

पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर टेकवा. एक हात बेंबीवर, दुसरा छातीवर. नाकाने चार अंकांत श्वास घ्या. बेंबीवरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहायला हवा. सहा अंकांत सोडा. असे दहा श्वास.

नव्या माणसांची नेहमीची चूक म्हणजे पोट मुद्दाम ढकलून फुगवणं. तसं केलं की पोटाचे स्नायू ताठ होतात आणि श्वासपटलाला खाली यायला जागा राहत नाही. बेंबीवर एखादी हलकी वही ठेवून पाहा. ती सावकाश वर येऊन सावकाश खाली गेली पाहिजे, उडी मारता कामा नये. खालच्या बरगड्या बाजूंना पसरल्यासारख्या वाटल्या तर तुम्हाला जमलं. चक्कर आल्यासारखं वाटलं तर अंक कमी करा, श्वास रोखून धरू नका.

बाकी काहीच करायला वेळ नसेल त्या दिवशी एवढं तरी करा. पुढच्या सगळ्या हालचालींतही हाच श्वास चालू ठेवायचा आहे.

दुसरी पायरी: मान आणि खांदे

उठून मांडी घालून किंवा खुर्चीत ताठ बसा. श्वास घेत खांदे कानांकडे उचला, सोडत खाली आणा, दहा वेळा. मग खांदे मागच्या दिशेने गोल फिरवा, आठ वेळा. त्यानंतर उजवा कान उजव्या खांद्याकडे झुकवा, मध्ये या, मग डावीकडे. प्रत्येक बाजूला पाच. शेवटी मान हळूच उजवीकडे आणि डावीकडे वळवा. मान पूर्ण गोल फिरवायची गरज नाही, त्याने फायदा नाही आणि मानेच्या मणक्यांचा त्रास असणाऱ्यांना उलट बाधतं.

तिसरी पायरी: हात

दोन्ही हात समोरून वर घ्या, जमेल तेवढेच. वरच ठेवून मुठी घट्ट बंद करा, पूर्ण उघडा, वीस वेळा. अवघडायला लागले की मध्येच खाली आणून हलवा. मग बोटांची टोकं खांद्यांवर ठेवून कोपरांनी मोठी वर्तुळं काढा, आठ पुढे, आठ मागे. हे स्कंधचक्र. कोपर मागे जाताना काख उघडते आणि पुढे येताना मिटते, तोच दाब-मोकळीक आपल्याला हवा आहे.

यानंतर गुडघे-तळव्यांवर या आणि मार्जारासन करा: श्वास घेत पाठ खोलगट, सोडत कमानीसारखी वर, आठ ते दहा आवर्तनं. मनगटांवर भार नको असेल तर टेबलावर हात टेकवून उभ्याने करा.

चौथी पायरी: उभं राहून टाचा उचलणं

माझ्या मते या सगळ्या क्रमात सर्वांत कामाची हालचाल ही, आणि तीच लोक घाईने उरकतात.

पोटरीच्या स्नायूला डॉक्टर ‘दुसरं हृदय’ म्हणतात, कारण तो आवळला की पायातल्या शिरा पिळल्यासारख्या दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. सोबतच्या लसिकावाहिन्यांनाही तोच दाब मिळतो. पण त्यासाठी स्नायू पूर्ण आवळून पूर्ण सैल व्हावा लागतो. टाचा उचलून तिथेच उभं राहिलं तर वाहिन्या दाबलेल्याच राहतात, पुन्हा भरत नाहीत.

म्हणून असं करा. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहा, बोटांची टोकं भिंतीला टेकवा. पावलं नितंबांच्या रुंदीइतकी लांब. श्वास घेत चवड्यांवर उंच व्हा. भार करंगळीकडे घसरू देऊ नका, अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा जमिनीत दाबा. वर एक क्षण थांबा. श्वास सोडत तीन अंकांत खाली या, आणि टाचा टेकल्यावर पोटरी खरोखर सैल झाली का ते पाहा. इथेच बहुतेक जण फसतात: टाच जमिनीला लागते न लागते तोच पुन्हा वर. पूर्ण टेका, मोकळे व्हा, मग पुढचं. पंधरा वेळा. जमायला लागलं की थोडी विश्रांती घेऊन आणखी पंधरा.

ताडासन हे नाव याला लावायला हरकत नाही, फक्त ते इथे हलतं आहे. तोल जात असेल तर खुर्चीत बसूनही चालतं. परिणाम थोडा कमी, पण शून्य नक्कीच नाही.

पाचवी पायरी: झोपून पाय

पाठीवर झोपा. श्वास सोडत उजवा गुडघा छातीकडे आणा, दोन्ही हातांनी हलकं धरा, श्वास घेत पाय परत ठेवा. मग डावा. आळीपाळीने प्रत्येकी आठ. हे एकपाद पवनमुक्तासन. मांडी पोटाला टेकल्यावर जांघ मिटते, पाय सरळ झाला की उघडते.

गुडघे वाकवून पावलं टाचांसह जमिनीवर ठेवून सेतुबंधासन करा, तेही हलतं: श्वास घेत कंबर उचला, सोडत मणक्यामागून मणका खाली. आठ वेळा. वर थांबू नका.

मग दोन्ही गुडघे एका बाजूला सोडून डोकं दुसऱ्या बाजूला, तीन-चार संथ श्वास, मग बाजू बदला. वळणाच्या आसनांनी ‘शरीर पिळून विष बाहेर निघतं’ असं ऐकायला मिळतं. तसं काही होत नाही. नको असलेले पदार्थ बाहेर टाकण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात. या वळणाने पाठ मोकळी होते, खोल श्वासाला जागा मिळते, एवढा फायदा पुरेसा आहे.

सहावी पायरी: विपरीत करणी, भिंतीच्या आधाराने

सुरुवातीला मी हे आसन ‘जितका वेळ जास्त तितकं चांगलं’ या समजुतीने केलं होतं. वीस मिनिटं पाय भिंतीवर सरळ ताठ ठेवून पडून राहिलो. पावलं बधिर झाली, मुंग्या आल्या, आणि झटक्यात उठून बसल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. दोन चुका होत्या: गुडघे ताणलेले आणि उठण्याची घाई.

भिंतीला एक कूस लावून बसा. मग पाठीवर लवंडत पाय भिंतीवर फिरवा. नितंब भिंतीपासून वीतभर लांब असू द्या. मांडीचे मागचे स्नायू आखडलेले असतील तर आणखी लांब. कमरेखाली घडी केलेली चादर घेतली तर बरं, न घेतली तरी चालेल. गुडघ्यांत किंचित बाक ठेवा. डोकं जमिनीवर सपाट, हनुवटी छातीत रुतलेली नको.

सुरुवातीला पाच मिनिटं. पहिल्या दोन मिनिटांत घोट्यांपासून पावलं पुढे-मागे करा, वीस वेळा, मग घोटे गोल फिरवा. उरलेला वेळ पोटाने श्वास. पायांना मुंग्या आल्या की खाली उतरवा. एक-दोन आठवड्यांनी दहा मिनिटांपर्यंत न्या, त्याहून जास्त नको. उठताना गुडघे वाकवून कुशीवर वळा, अर्धा मिनिट तसेच पडून राहा आणि हाताच्या आधाराने बसा.

काचबिंदू, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा आम्ल वर येण्याचा जोरदार त्रास असेल तर हे वगळा. पायांखाली दोन उशा घेऊन झोपा, तेवढं चालतं. गरोदरपणात पुढच्या महिन्यांत सपाट पाठीवर फार वेळ पडून राहणं टाळतात, तेव्हा डाव्या कुशीवर झोपून घोटे हलवा.

शेवटी चार मिनिटं शवासन.

लसिकासूज असेल तर

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या किंवा जांघेतल्या ग्रंथी काढल्यावर त्या बाजूच्या हाताला किंवा पायाला कायमची सूज येऊ शकते. ती काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही सुरू होते. अशा हाताने काही उचलू नये, असं पूर्वी सरसकट सांगत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्तनाच्या कर्करोगानंतर लसिकासूज असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला आणि त्यांची सूज त्यामुळे वाढली नाही. तेव्हापासून सल्ला बदलला: हालचाल हवी, पण पायरीपायरीने.

योगाबद्दलचे अभ्यास लहान आहेत आणि निकाल संमिश्र. खांदा मोकळा होणं, ताण कमी होणं, रोजचं जगणं सुसह्य होणं, इथे फायदा दिसतो. सूज किती उतरते याबद्दल खात्रीने बोलता येत नाही. त्यामुळे योग हा दाबपट्ट्या, दाबमोजे आणि प्रशिक्षित थेरपिस्टच्या उपचाराला जोड म्हणून करायचा, त्याऐवजी नाही. दाबपट्टी किंवा बाही दिली असेल तर ती घालूनच सराव करा. बाहेरून घट्ट आवरण आणि आतून स्नायूचा दाब, या दोन्हींच्या मध्ये द्रव चांगला हलतो.

अधोमुख श्वानासन, चतुरंग दंडासन यांसारखी हातांवर पूर्ण भार घेणारी आसनं सुरुवातीला नकोत. मनगटाला पट्टा बांधून ओढणं नको. तापवलेल्या खोलीतला योगही टाळा, उष्णतेने रक्तवाहिन्या पसरतात आणि ऊतींमध्ये जास्त पाणी उतरतं. सरावानंतर किंवा दुसऱ्या दिवशी हात जड, ठणकणारा किंवा जास्त घट्ट वाटला तर आवर्तनं निम्मी करा. त्वचेला भेग, ओरखडा पडू देऊ नका, कारण अशा अवयवात जंतुसंसर्ग पटकन पसरतो.

मोजमाप ठेवा

‘हलकं वाटतं’ यावर विसंबू नका, मोजपट्टी घ्या. पायासाठी घोट्याच्या हाडाच्या वर १० आणि २० सेंटिमीटरवर पेनाने खूण करा, हातासाठी मनगटाच्या वर तशाच दोन. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, दोन्ही बाजू मोजा. पट्टी त्वचेला टेकावी, रुतू नये. एका जागी दोन बाजूंमध्ये २ सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला, तर तो डॉक्टरांना दाखवण्याजोगा मानतात. उजव्या-डाव्या हातात थोडा फरक जन्मजातही असतो, म्हणून पहिल्या दिवसाचा आकडा लिहून ठेवणं महत्त्वाचं. आणखी एक सोपी खूण: पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची त्वचा चिमटीत धरून पाहा. ती उचलताच येत नसेल तर लसिकासुजेचा संशय बळावतो.

कपालभातीबद्दल हमखास विचारलं जातं. लसिकेसाठी ती लागत नाही. जोराच्या झटक्यांपेक्षा पहिल्या पायरीतला संथ, खोल श्वास इथे जास्त उपयोगी. तुम्हाला ती आधीपासून जमत असेल तर तुमच्या सरावात राहू द्या, रक्तदाब, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर बंद.

दिवसातून अर्धा तास सराव आणि उरलेले दहा तास खुर्चीत निश्चल, हा सौदा तोट्याचा आहे. दर तासाला टेबलाखाली चप्पल काढा, वीस वेळा टाचा उचला, वीस वेळा चवडे उचला, पाच श्वास पोटाने घ्या. दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि शेजारी बसलेल्याला कळतही नाही.